गाठीचा नकाशा काढणारा सर्जन

लहान मुलाच्या अंडकोशाला सूज आली तर घरात ती गोष्ट लगेच बोलली जात नाही. मुलगा लाजतो. आईच्या लक्षात येते ते आंघोळ घालताना. मग वडील, मग गावातले डॉक्टर, मग तालुक्याचे ठिकाण. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत तो मुलगा आमच्यासमोर येतो तोवर अनेकदा काही आठवडे उलटलेले असतात. बहुतेक मुलांमध्ये घाबरण्यासारखे काही नसते. पाणी साचलेले असते, म्हणजे हायड्रोसील, नाही तर हर्निया. पण एखाद्या मुलाची गाठ टणक असते, दुखत नसते आणि दर आठवड्याला वाढत असते. तपासणीअंती कधी तरी, अगदी क्वचित, तो लिम्फोमा निघतो. लिम्फोमा म्हणजे रोगाशी लढणाऱ्या लसिका पेशींचा कर्करोग.

अशा वेळी आईवडिलांचा प्रश्न एकच असतो, मूल वाचेल का. साठ-सत्तर वर्षांपूर्वी या प्रश्नावर डॉक्टर मान खाली घालत. आज वेळेत आलेल्या बहुतेक मुलांबाबत होकारार्थी उत्तर देता येते. हा बदल घडवणाऱ्यांत एक नाव अग्रभागी आहे, डेनिस बर्किट. मुलांमधल्या एका लिम्फोमाला आजही त्यांचेच नाव आहे आणि वृषणात आढळणाऱ्या मुलांच्या लिम्फोमांमध्ये बर्किट लिम्फोमाचा वाटा मोठा आहे. गंमत अशी की बर्किट कर्करोगतज्ज्ञ नव्हते, प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञही नव्हते. ते होते आफ्रिकेतल्या सरकारी इस्पितळात काम करणारे एक सर्जन, तेही एका डोळ्याने पाहणारे.

बर्किट यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९११ रोजी आयर्लंडमधल्या एनिस्किलन या गावी झाला. हा भाग आता उत्तर आयर्लंडमध्ये येतो. वडील सरकारी अभियंते आणि हौशी पक्षिनिरीक्षक. बागेतल्या रॉबिन पक्ष्यांच्या पायांत कडी घालून कोणता पक्षी कुठवर फिरतो, कोणती हद्द आपली मानतो, याचे नकाशे ते काढत. एखादी गोष्ट कुठे आढळते आणि कुठे आढळत नाही हे कागदावर मांडले की तिचे कारण हाती लागू शकते, हा धडा डेनिसना घरातच मिळाला. पुढे त्यांनी हीच युक्ती रोगांसाठी वापरली.

वयाच्या अकराव्या वर्षी शाळेच्या वाटेवर मुलांच्या दोन गटांत दगडफेक झाली. एक दगड डेनिसच्या चष्म्यावर बसला, काचेचा तुकडा उजव्या डोळ्यात घुसला आणि तो डोळा कायमचा गेला. वडिलांप्रमाणे अभियंता व्हायचे म्हणून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला, पण तिथे मन वैद्यकाकडे वळले. बर्किट यांची ख्रिस्ती धर्मावर गाढ श्रद्धा होती आणि डॉक्टर होणे ही त्यांना सेवेची वाट वाटली. १९३५ मध्ये ते डॉक्टर झाले, १९३८ मध्ये एडिंबराहून त्यांनी शल्यक्रियेची एफआरसीएस ही पदवी मिळवली. आफ्रिकेत काम करण्यासाठी अर्ज केला तेव्हा एकाच डोळ्याचा सर्जन कसा चालेल म्हणून त्यांना नकार मिळाला. दुसऱ्या महायुद्धात मात्र सैन्याच्या वैद्यकीय दलात त्यांना घेतले गेले आणि पूर्व आफ्रिका त्यांनी जवळून पाहिली. १९४३ मध्ये ऑलिव्ह रॉजर्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, ते युगांडाच्या सरकारी वैद्यकीय सेवेत रुजू झाले.

पहिली नेमणूक लिरा या आडगावी झाली. मोठ्या लोकवस्तीसाठी तिथे सर्जन म्हणून तेच. त्या भागात त्यांना हायड्रोसीलचे रुग्ण मोठ्या संख्येने दिसू लागले. दुसरा कोणी असता तर शस्त्रक्रिया करून मोकळा झाला असता. बर्किट मात्र प्रत्येक रुग्णाला गाव विचारू लागले. नोंदी मांडल्यावर दिसले की जिल्ह्याच्या एका भागात हा आजार भरपूर आहे, दुसऱ्या भागात अगदी तुरळक. फरकाचे कारण होते डासांतून पसरणारे फायलेरियाचे जंतू. विदर्भातल्या वाचकांना हत्तीरोग नवा नाही, अंडकोशात पाणी साचणे हे त्याच रोगाचे एक रूप. रोगाचा नकाशा काढला तर कारणाचा माग लागतो, हे बर्किट यांना पहिल्यांदा उमगले ते अशा, चारचौघांत न बोलल्या जाणाऱ्या आजारातून.

१९४८ मध्ये त्यांची बदली कंपालाच्या मुलागो रुग्णालयात झाली. तिथे १९५७ मध्ये बालरोग विभागातले सहकारी ह्यू ट्रॉवेल यांनी त्यांना पाच वर्षांचा एक मुलगा दाखवला. त्याच्या जबड्याला चारही बाजूंनी, वर आणि खाली, उजवीकडे आणि डावीकडे सूज होती. दात हलत होते, चेहरा ओळखू येत नव्हता. जंतुसंसर्ग म्हणावा तर एकाच वेळी चार ठिकाणी कसा होईल? कर्करोग म्हणावा तरी तोच प्रश्न. उत्तर नव्हते आणि उपचारही नव्हता.

काही आठवड्यांनी बर्किट जिंजा या गावच्या इस्पितळात गेले होते. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी जिथे बाहेर पडते ते हे गाव. खिडकीतून बाहेर पाहताना त्यांना गवतावर आईसोबत बसलेले एक मूल दिसले. चेहरा तसाच सुजलेला. ते तडक बाहेर गेले, मुलाला तपासले. जबड्यात गाठी होत्याच, पोटातही होत्या. एक विचित्र रुग्ण योगायोग असू शकतो, दोन म्हणजे बहुधा रोग. पुढे बर्किट यांनी मुलागोतल्या जुन्या नोंदी काढल्या, शवविच्छेदनाचे अहवाल चाळले. तोवर डॉक्टर हे रुग्ण सुटे सुटे पाहत होते. जबड्याची गाठ एकाकडे, मूत्रपिंडाची दुसऱ्याकडे, मुलीच्या बीजांडकोशाची तिसऱ्याकडे. बर्किट यांनी दाखवून दिले की हे सगळे वेगवेगळे आजार नसून एकच आजार वेगवेगळ्या अवयवांत प्रकट होतो आहे.

१९५८ मध्ये त्यांनी यावर शोधनिबंध लिहिला. फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे रोगनिदानतज्ज्ञ ग्रेगरी ओकॉनर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हा लिम्फोमा असल्याचे स्पष्ट केले आणि १९६१ मध्ये तसे प्रसिद्ध झाले.

दरम्यान बर्किट यांनी आजारी मुलांची छायाचित्रे असलेली पत्रके छापून आफ्रिकाभरच्या इस्पितळांना पाठवली. असे मूल पाहिले आहे का, एवढाच प्रश्न. उत्तरे येत गेली तसे ते भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचत गेले. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना एक पट्टा तयार झाला. पण त्या पट्ट्याची दक्षिणेकडची कड नेमकी कुठे संपते हे पत्रांतून कळेना. तेव्हा ऑक्टोबर १९६१ मध्ये एड्वर्ड विल्यम्स आणि क्लिफर्ड नेल्सन या दोन डॉक्टरांना सोबत घेऊन त्यांनी एका जुन्या फोर्ड गाडीतून प्रवास सुरू केला. टांगानिका, न्यासालँड, ऱ्होडेशिया, मोझांबिक करत ते दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेले. दहा आठवडे, सुमारे १०,००० मैल, पन्नासहून अधिक इस्पितळे. एकूण खर्च सातशे पौंडांच्या आत.

नकाशा पूर्ण झाला तेव्हा लक्षात आले की रोगाची सीमा देशांवर किंवा जमातींवर ठरत नाही. ती ठरते उंची, तापमान आणि पावसावर. विषुववृत्ताजवळ साधारण ५,००० फुटांच्या वर हा रोग दिसत नव्हता, दक्षिणेकडे ही उंची कमी कमी होत जात होती. जिथे थंडी फार किंवा पाऊस तुटपुंजा, तिथे रोग नाही. हे वर्णन डासांच्या प्रदेशाशी जुळते. म्हणून डास एखादा विषाणू पसरवत असावा आणि त्यातून कर्करोग होत असावा, असा तर्क पुढे आला. हा तर्क जसाच्या तसा खरा ठरला नाही, पण त्याने शोध योग्य दिशेला नेला.

या प्रवासाच्या काही महिने आधी, मार्च १९६१ मध्ये, रजेवर असताना बर्किट यांनी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्याख्यान दिले होते. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन हे तरुण संशोधक होते. कोंबड्यांमध्ये कर्करोग घडवणाऱ्या विषाणूवर त्यांचे काम चालू होते. पर्जन्यमान आणि तापमानाशी जोडलेला माणसाचा कर्करोग ऐकताच त्यांना विषाणूची शंका आली. मग कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला जाऊ लागले. जवळपास दोन वर्षे हाती काहीच लागले नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवावे लागले आणि नमुना उशिरा पोचला. तोवर बाटलीतले द्रव गढूळ झाले होते. जंतूंनी नासला असे समजून तो फेकला जाण्याचीच शक्यता होती. एपस्टाइन यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, तर त्यात गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी तरंगताना दिसल्या. त्या पेशी वाढवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर विषाणू दिसला. १९६४ मध्ये एपस्टाइन, अचाँग आणि बार यांनी ते जाहीर केले. माणसात कर्करोगाशी जोडला गेलेला हा पहिला विषाणू, एपस्टाइन-बार विषाणू.

हा विषाणू डासांतून पसरत नाही, लाळेतून पसरतो आणि जगातल्या बहुतेक माणसांना कधी ना कधी होऊन जातो. मग डासांचा नकाशा कसा जुळला? कारण होते मलेरिया. सतत मलेरिया होणाऱ्या मुलांत विषाणूबाधित बी-पेशी वाढत राहतात आणि त्यात गुणसूत्रांची चुकीची अदलाबदल होऊन एका पेशीचा ताबा सुटण्याची शक्यता वाढते. भारतात, युरोपात, अमेरिकेत बर्किट लिम्फोमा तुरळक आढळतो. तिथे तो जबड्यापेक्षा पोटात जास्त दिसतो आणि अनेकदा विषाणूशिवायच होतो. गुणसूत्रांतला बिघाड मात्र सगळीकडे सारखाच असतो.

आता उपचारांकडे वळू. बर्किट सर्जन होते, पण एकाच वेळी चार ठिकाणी उगवणाऱ्या गाठी चाकूने किती काढणार? कंपालात किरणोपचाराची सोय नव्हती. उरली ती औषधे, जी त्या काळात नवीन होती आणि ज्यांच्यावर फार थोड्यांचा विश्वास होता. अमेरिकेतून आलेल्या संशोधकांच्या मदतीने मेथोट्रेक्सेट, मग सायक्लोफॉस्फमाइड, व्हिंक्रिस्टीन ही औषधे मुलांना दिली जाऊ लागली. परिणाम पाहून सगळेच चकित झाले. काही दिवसांत चेहऱ्यावरच्या गाठी वितळत. थोडक्याच डोसांनंतर काही मुले वर्षानुवर्षे बरी राहिली. आज साधे वाटते, पण तेव्हा केवळ औषधांनी टणक गाठीचा कर्करोग पूर्ण बरा होऊ शकतो हेच अनेकांना पटत नव्हते.

यातल्या मेथोट्रेक्सेटची कुळकथा आपल्या मातीपर्यंत येते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत, हाफकिन संस्थेत, गिरणी कामगार गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होती. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे तिने दाखवले. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आंध्रातल्या भीमावरममध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूने फोलिक आम्ल तयार केले आणि त्याला विरोध करणारी औषधेही. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना फोलिक आम्ल लागते, ते रोखले की त्या उपाशी मरतात. याच कुटुंबातले मेथोट्रेक्सेट कंपालाच्या मुलांपर्यंत पोचले.

पण लवकरच एक अडचण दिसली. गाठी विरघळलेली काही मुले महिन्याभरात डोकेदुखी, वांती, डोळा वाकडा होणे अशा तक्रारी घेऊन परत येत. रोग मेंदूच्या आवरणात लपला होता. रक्तातली औषधे मेंदूत सहज शिरत नाहीत. म्हणून पाठीच्या कण्यातून थेट औषध देण्याची पद्धत आली. १९६७ मध्ये मुलागोत लिम्फोमा उपचार केंद्र सुरू झाले, तिथे जॉन झिगलर आणि नंतर इयान मॅग्रथ यांनी हे काम पुढे नेले. मॅग्रथ यांनी नंतर मुंबईच्या टाटा रुग्णालयासह भारतातल्या काही केंद्रांबरोबर काम केले आणि आपल्याकडच्या परिस्थितीला झेपतील अशा बालकर्करोगाच्या उपचारपद्धती बसवायला मदत केली.

शरीरात अशी दुसरी लपण्याची जागा म्हणजे वृषण. तिथेही रक्त आणि शुक्रपेशी यांच्यामध्ये निसर्गाने भिंत घातलेली आहे. त्यामुळे पूर्वी डॉक्टर लिम्फोमाचे वृषण काढून टाकत किंवा त्यावर किरणोपचार देत. लहान मुलाच्या बाबतीत याची किंमत मोठी. किरणांनी शुक्रपेशी तर नष्ट होतातच, डोस जास्त असेल तर वयात येण्यासाठी लागणारे संप्रेरकही आटते आणि मुलाला जन्मभर इंजेक्शने घ्यावी लागू शकतात. पुढे असे आढळले की मेथोट्रेक्सेट फार मोठ्या डोसात, सलाइनमधून दिले आणि नंतर त्याचा उतारा म्हणून फोलिनिक आम्ल दिले, तर ते मेंदूत आणि वृषणातही पुरेसे पोचते. फ्रान्समधल्या बालकर्करोगतज्ज्ञांनी वृषणात बी-पेशींचा लिम्फोमा असलेल्या मुलांचा अनुभव मांडला. अशा केमोथेरपीवर बहुतेक मुले वाचली आणि त्यासाठी वृषण काढणे वा किरण देणे गरजेचे ठरले नाही.

म्हणून आज बर्किट लिम्फोमा असलेल्या मुलावर काही महिन्यांची तीव्र केमोथेरपी हाच मुख्य उपचार आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, रोग पसरलेल्या जास्त धोक्याच्या मुलांना केमोथेरपीसोबत रिटुक्सिमॅब दिल्यावर तीन वर्षांनी सुमारे ९५ टक्के मुले जिवंत होती, केवळ केमोथेरपीवर सुमारे ८७ टक्के. वृषणात होणारे बाकीचे प्रकार वेगळे. लिम्फोब्लास्टिक प्रकारावर रक्ताच्या कर्करोगासारखा दीर्घ उपचार करावा लागतो. मुलांमधला फॉलिक्युलर प्रकार फार दुर्मीळ, पण तो सहसा एकाच जागी राहतो आणि थोडक्या उपचाराने बरा होतो. साठीनंतरच्या पुरुषांतला वृषणाचा लिम्फोमा मात्र वेगळाच, अधिक चिवट आजार आहे. त्याची आकडेवारी वाचून मुलाच्या पालकांनी धास्ती घेऊ नये.

हे आकडे सगळीकडे सारखे मिळत नाहीत. उशिरा येणे, कुपोषण, केमोथेरपीच्या काळातला जंतुसंसर्ग आणि अर्ध्यावर उपचार सोडणे या चार गोष्टी आपल्याकडे मुले हिरावतात. बर्किट लिम्फोमाच्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतात. त्यामुळे इथे दोन आठवड्यांची चालढकलही महाग पडते. गाठ फार मोठी झाली की पहिल्या डोसानंतर मरणाऱ्या पेशींचा कचराच मूत्रपिंड बंद पाडू शकतो. त्यासाठी आधी भरपूर सलाइन आणि युरिक आम्ल कमी करणारी औषधे द्यावी लागतात.

पालकांसाठी थोडक्यात सांगायचे तर मुलाला आंघोळ घालताना अंडकोशाकडे लक्ष असू द्या आणि मोठ्या मुलाला सूज आली तर सांगायला लाजू नकोस हे समजावून ठेवा. अचानक तीव्र वेदना झाली तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा तासांचा प्रश्न असतो, लगेच रुग्णालय गाठा. न दुखणारी, टणक, वाढती सूज असेल तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या. सुई टोचून पाणी काढून बघू असे कोणी म्हटले तर थांबा, आधी बालशल्यचिकित्सकाला दाखवा. वृषणात इतर प्रकारच्या गाठीही होतात. त्या ओळखायला रक्ताच्या तपासण्या लागतात आणि तुकडा घ्यायचाच तर जांघेतून घेतात. वयात आलेल्या मुलाच्या बाबतीत उपचाराआधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. खर्चाच्या भीतीने घरी थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांना साहाय्य मिळते.

बर्किट १९६६ मध्ये इंग्लंडला परतले. १९७२ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि लिम्फोमाच्या औषधोपचारासाठी इतर संशोधकांसोबत लास्कर पुरस्कारही. पण ते थांबले नाहीत. आफ्रिकेतल्या खेड्यांत बद्धकोष्ठ, अॅपेंडिक्स, आतड्याचा कर्करोग हे विकार इतके कमी का, या प्रश्नाचा त्यांनी पुन्हा नकाशाच काढला आणि उत्तर शोधले आहारातल्या चोथ्यात. त्यांचे सगळेच दावे टिकले नाहीत, परंतु तंतुमय आहार आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचा संबंध नंतरच्या मोठ्या अभ्यासांतही दिसला. आज आहारतज्ज्ञ भाकरी, डाळी, भाज्या खायला सांगतात, त्यामागे या माणसाचा बराच हात आहे. २३ मार्च १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

बर्किट यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती, पैसा नव्हता, दोन डोळेही नव्हते. त्यांनी रुग्णाला गाव विचारले, नोंद ठेवली आणि खिडकीबाहेर बसलेल्या मुलाकडे उठून गेले. सरकारी रुग्णालयातल्या माझ्यासारख्या डॉक्टरला हे तिन्ही रोज करता येण्यासारखे आहे. पालकांच्या वाट्याला त्यातले एकच येते. मूल वेळेत त्या खिडकीपर्यंत आणणे.